उशीर कुणाचा?

फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुळशीतल्या लवासा या खासगी गिरिशहराविरुद्धच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. ताशेरे ओढले, पण कोर्टात यायला उशीर झाला म्हणून हस्तक्षेप केला नाही. तो ‘उशीर’ मला अजून टोचतो.

आधीचं भराभर सांगतो. 16 एप्रिल 1921, रामनवमी. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले, गावं पाण्याखाली गेली. 2001 मध्ये मुळशी-वेल्ह्यातली 18 गावं गिरिस्थान म्हणून जाहीर झाली; तिथेच लवासा उभं राहू लागलं.

माझं मन अडकतं ते त्यानंतरच्या दशकात. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढून लवासाचं काम थांबवायला सांगितलं, तेव्हा तिथल्या मोसे खोऱ्यात किती शांत वाटलं! कंपनी हायकोर्टात गेली. वर्षभराने अटी घालून मंजुरी मिळाली आणि मशिनं पुन्हा धडधडू लागली. चूक आमचीही झाली. ते भांडण पर्यावरणाच्या परवानगीचं होतं, सातबाऱ्याचं नव्हतं, हे आम्हाला फार पुढे उमगलं. जमिनीचं गाऱ्हाणं तहसीलदार, मग प्रांत, नाहीतर दिवाणी कोर्ट अशा वेगळ्याच पायऱ्या चढतं. आणि हायकोर्टात याचिका दाखल झाली की नोटिसा, सरकारचं प्रतिज्ञापत्र, त्यावर प्रत्युत्तर, आणि मग पुढची तारीख. पहाटेच्या गाडीने मुंबई गाठायची, दिवसभर बाकावर बसायचं आणि ऐकायचं, ‘आज नंबर लागणार नाही.’

आमच्यातले एक कातकरी आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन यायचे. वकिलांनी सातबारा मागितला. आजोबा म्हणाले, ‘ओढ्यापासून तिसऱ्या हिरड्यापर्यंत आमचं.’ वकील पेन हातात धरून तसेच बसले. हिरड्याची साक्ष कोणत्या रकान्यात लिहायची? कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलंच नसेल, तर कचेरी त्याला ओळखत नाही. मुळशीत मला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

2018 मध्ये लवासा दिवाळखोरीत गेलं. जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने 1,814 कोटींचा आराखडा मंजूर केला. मी वाचलेल्या बातमीत बँका होत्या, घर घेणारे होते. आमचे आजोबा नव्हते.

ते आता नाहीत. पिशवी माझ्याकडे आहे. तिच्यात एका सरकारी कचेरीला दिलेला हरकतीचा अर्ज आहे, खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा. त्याला उत्तर कधीच आलं नाही. वर आवक-शिक्का आहे, त्यातलं साल अजून स्वच्छ वाचता येतं: 2003.