जुना पायथन काढायचा की ठेवायचा?

रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणाऱ्यांना पायथन शिकावाच लागतो. मिरजोळ्याच्या फिनोलेक्स अकादमीत इंजिनीअरिंगला असणाऱ्यांचीही त्यातून फारशी सुटका नाही. पण कोडची पहिली ओळ चालण्याआधी पायथनचा रनटाइम, म्हणजे तो कोड वाचून प्रत्यक्ष कामाला लावणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. इन्स्टॉलर जेमतेम पंचवीस-तीस एमबीचा. घोळ मात्र मोठा.

विंडोजसोबत पायथन येत नाही. कमांड प्रॉम्प्टवर नुसतं त्याचं नाव टाइप केलं, तर विंडोज १० आणि ११ मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडून देतात. पायथनच्या अधिकृत साइटवरचा नेहमीचा इन्स्टॉलर घेतला, तर पहिल्याच खिडकीत तळाशी एक चौकट दिसते : पायथन ‘पाथ’मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, घालायचा का? तिथे टिक आधीपासून केलेली नसते. घाईघाईत ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबणाऱ्याच्या नजरेतून ती हमखास सुटते, आणि सगळं नीट बसूनही पायथन सापडत नाही अशी तक्रार सुरू होते. बरेच जण मग सगळं काढून पुन्हा बसवतात. त्याची गरज नसते. तोच इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’मधून पाथ जोडता येतो.

कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ असेल, तर ३.८ ही शेवटची आवृत्ती. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली ३.९ त्यावर बसतच नाही, आणि ३.८ चे सुरक्षा-अपडेटही २०२४ मध्ये थांबले.

मॅकवर ॲपल पूर्वी स्वतःच पायथन २.७ देत असे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. ॲपलने मात्र हा पायथन मार्च २०२२ मध्ये, मॅकओएस १२.३ सोबत काढला.

उबुंटूची गोष्ट वेगळी. २२.०४ मध्ये ३.१० आणि २४.०४ मध्ये ३.१२ आधीपासून असतो, पण तो वापरणाऱ्यासाठी ठेवलेला नसतो. सिस्टिमची स्वतःची कामंच त्यावर चालतात. जुना नको म्हणून तो उडवणाऱ्याला पुढच्या वेळी डेस्कटॉपही दिसेल याची खात्री नाही. सिस्टिमचा पायथन बिघडण्याचे प्रकार इतके झाले, की उबुंटू २४.०४ वर ‘पिप’ हा लायब्ररी बसवणारा प्रोग्राम सिस्टिमच्या पायथनमध्ये लायब्ररी घालायलाच नकार देतो. मग प्रत्येक प्रोजेक्टसाठी ‘व्हेन्व्ह’ या पायथनच्याच सोयीने वेगळं फोल्डर करायचं आणि काय घालायचं ते त्यात घालायचं.

विंडोज आणि मॅकवर अपडेटचा हिशेबही समजून घ्यायला हवा. ३.१२.३ वरून ३.१२.४ वर जाताना नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. ३.१२ वरून ३.१३ ला मात्र ती शेजारी बसते, जुनी तशीच राहते, आणि नमपाय, पांडाज वगैरे सगळ्या लायब्ररी नव्याने घालाव्या लागतात. नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते, आणि सगळ्या लायब्ररी त्याच दिवशी तिच्यासाठी तयार असतात असं नाही. ऑक्टोबर म्हणजे हिवाळी परीक्षांचं तोंड. प्रॅक्टिकल होईपर्यंत आदल्या वर्षीची आवृत्ती ठेवलेली बरी; तिला सुरक्षा-अपडेट तर पाच वर्षं मिळतात.