तारपा घडवणारे आणि वाजवणारे भिकल्या लाडक्या धिंडा

जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा हे फुंकवाद्य वाजवतात आणि ते स्वतःच्या हातांनी घडवतातही. जव्हार २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. तारप्यासाठी वाळलेला दुधी भोपळा पोखरून त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, सांधे मेणाने बुजवतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा गुंडाळतात. बॅगपाइपमध्ये हवा पिशवीत साठते. तारपावादक मात्र हवा गालांत धरून नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. खरी कसोटी हीच! भातकापणीनंतर वारली पाड्यांवर नाच रात्रभर चालतो; वादकाने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलेही बदलतात. धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे.