पायांनी चुकवलेले ठोसे

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ११ फेब्रुवारी १९४९ रोजी मुष्टियोद्धा विली पेप पंधरा फेऱ्या लढला. समोर उंच, लांब हातांचा सँडी सॅडलर. साडेतीन महिन्यांपूर्वी त्यानेच पेपला चौथ्या फेरीत लोळवून फेदरवेट गटाचे जगज्जेतेपद हिसकावले होते.

पेपची खरी ढाल म्हणजे त्याचे पाय. डावीकडे सरकायचे तर आधी डावा पाय हलवायचा, उजवीकडे जायचे तर उजवा. असे केले की गुरुत्वमध्य दोन्ही पावलांमधल्या आधारावरच राहतो. पाय एकमेकांना ओलांडून गेले, तर तो आधार अरुंद होतो आणि हलका ठोसाही तोल घालवतो.

नुसते मागे हटणे मात्र घातक, कारण पाठ दोरांना टेकली की वाट संपते. म्हणून पेप पुढच्या पायाच्या चवड्यावर गर्रकन वळे. सरळ आलेला ठोसा रिकाम्या जागेत जाई आणि पेप प्रतिस्पर्ध्याच्या बगलेला उभा असे, प्रतिहल्ल्याला मोकळा. बचाव आणि चढाई एकाच हालचालीत!

जानेवारी १९४७ मधल्या विमान अपघातात याच माणसाची पाठ आणि पाय मोडला होता, हे कळल्यावर ती पावले अधिकच थक्क करतात. सॅडलरच्या ठोशांनी त्या रात्री पेपचा चेहरा रक्ताळला, पण कौल एकमताने पेपच्या बाजूने लागला.