मोटारचालकाचें चित्त आणि गवयाची तान

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गें सांगलीस मोटार हांकणारा गृहस्थ फोन हातांत न धरतां बोलत असला, कीं स्वतःस सुरक्षित समजतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर व विल्यम जॉन्स्टन यांनीं २००१ सालीं मोटार हांकण्यासारखें काम प्रयोगशाळेंत देऊन पाहिलें. बोलणाऱ्यांकडून तांबडे दिवे दुपटीहून अधिक हुकले, मग फोन हातांत असो वा नसो. रेडिओ ऐकणाऱ्यांचें तसें झालें नाहीं. दोष कानाचा नव्हे. मनांत वाक्य जुळविण्याचा.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेंतील रसिकांना हें चटकन् पटेल. तान ऐकणें निराळें, तत्क्षणीं रचणें निराळें. चार्ल्स लिंब व ॲलन ब्राउन यांनीं २००८ सालीं सहा जॅझ पियानोवादकांचे मेंदू वादन चालू असतांना तपासले; उत्स्फूर्त वादनांत स्वतःवर पहारा ठेवणारा भाग मंदावलेला दिसला. गवयाला ही मोकळीक परवडते. तबलजी ठेका धरून असतो आणि सम ठरल्या जागीं परत येते. कऱ्हाडपुढें आडवी येणारी उसाची बैलगाडी मात्र कोणत्याच आवर्तनांत बसत नाहीं. शेजारचा सोबती निदान ती पाहून बोलणें तोडतो. फोनवरच्याला ती दिसतच नाहीं.