प्रसूतीनंतरचा रक्तस्राव : बेळगावची गोळी आणि पिशवी

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त धावत असते. वारेतून बाळाला पोसण्यासाठी शरीराने ही सोय केलेली असते. बाळ बाहेर येते, पाठोपाठ वार सुटते आणि तिच्याखालच्या शंभरेक रक्तवाहिन्यांची तोंडे एकाच वेळी उघडी पडतात. एरवी एवढी जखम झाली तर रक्त गोठण्याची वाट पाहण्याइतकीही उसंत मिळणार नाही. गर्भाशयाचा बंदोबस्त वेगळा आहे. त्याच्या स्नायूंचे धागे उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांत गुंतलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या जाळीतूनच वर आलेल्या असतात. रिकामे झालेले गर्भाशय आवळले की प्रत्येक वाहिनीभोवती फास बसतो आणि रक्त थांबते. बाळंतिणीच्या बेंबीखाली हात ठेवल्यावर चेंडूसारखा घट्ट गोळा लागला, तर काम ठीक चालले आहे असे समजावे. हाताला मऊ लागले, तर धोका सुरू झाला.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाच्या दहापैकी साधारण सात घटनांत गर्भाशय असे सैल पडणे हेच कारण असते. उरलेल्यांत योनिमार्ग किंवा गर्भाशयमुख फाटणे, वारेचा तुकडा आत राहणे आणि क्वचित रक्त गोठण्याची क्रियाच बिघडणे ही कारणे येतात. जुळी, लांबलेल्या कळा, आधीची बरीच बाळंतपणे यांमुळे धोका वाढतो. पण अतिरक्तस्राव झालेल्या अनेक स्त्रियांमध्ये आधी असे कोणतेही लक्षण नसते. म्हणून ‘जोखमीच्या’ बायका वेगळ्या काढून त्यांनाच जपण्याचा मार्ग इथे अपुरा पडतो. प्रतिबंधक औषध प्रत्येक बाळंतिणीला द्यावे लागते.

गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे धडधाकट बाई अर्धा लिटर रक्त गेले तरी तोल सांभाळते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळात सात-आठ आहे तिच्याकडे ही शिल्लक नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. प्रसूतीनंतरचा जोरदार रक्तस्राव उपचाराविना दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. पाड्यावरून तालुक्याला पोचायलाच तेवढा वेळ लागत असेल, तर आधी रक्तक्षय आणि मग रस्ता, अशा दोन गोष्टी एकाच बाईच्या विरोधात जातात. भारतात २००१-०३ या काळातील मातामृत्यूंपैकी ३८ टक्के रक्तस्रावाने झालेले होते. जगात आजही दरवर्षी सुमारे ७०,००० स्त्रिया या एका कारणाने दगावतात.

गर्भाशय आवळणारी औषधे मात्र जुनी आहेत. राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन वेगळे काढले गेले. त्याने रक्तदाब चढतो, म्हणून ते सगळ्यांना चालत नाही. मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा अर्क गर्भाशय आकुंचित करतो हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखवले होते. त्यातले ऑक्सिटोसिन व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि दोनच वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बाळ जन्मताच आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हा आजही पहिल्या पसंतीचा उपाय आहे. अडचण त्याच्या स्वभावात आहे. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज गेलेल्या उपकेंद्रात त्याची ताकद घटत जाते आणि बाटलीकडे पाहून ते कळतही नाही. भारतात आणखी एक विचित्र पेच उभा राहिला. गाई-म्हशींना पान्हवण्यासाठी हेच औषध बेकायदा वापरले जाते म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्याचे देशांतर्गत उत्पादन एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गोठ्यातला गैरवापर रोखताना प्रसूतिगृहातला तुटवडा ओढवून घेण्याचा धोका त्यात होता.

फ्रिज नाही आणि इंजेक्शन देणारे कोणी नाही, अशा ठिकाणासाठी मिसोप्रोस्टॉल उपयोगी पडले. ही मुळात पोटातल्या अल्सरची गोळी. ती गर्भाशयही आवळते, साध्या तापमानात टिकते, तोंडाने घेता येते. ती गावपातळीवर खरोखर कामी येते का, याचा कस बेळगाव जिल्ह्यात लागला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत चाचणी घेतली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर लगेच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. ती देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. गावातल्या एएनएम, म्हणजे नर्सबाई होत्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, तर एक लिटरहून जास्त रक्त जाण्याचे १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. गोळी घेतलेल्या बऱ्याच जणींना थंडी वाजली, थोड्यांना ताप आला. दोन्ही आपोआप ओसरले. हे निष्कर्ष २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

गोळीची एक अट कडक आहे. ती बाळ बाहेर आल्यावरच द्यायची आणि पोटात दुसरे बाळ नाही ना, हे हाताने चाचपून मगच द्यायची. आधी दिली तर कळा इतक्या तीव्र होऊ शकतात की गर्भाशय फाटावे. शिवाय गर्भपातासाठीही हेच औषध चालते, त्यामुळे ते गावात ठेवू देण्याबाबत यंत्रणा नेहमी साशंक राहिली.

बेळगावच्या याच चाचणीतून निघालेली दुसरी वस्तू सुरुवातीला कोणाच्या फारशी नजरेत भरली नाही. औषधाचा परिणाम मोजायचा तर रक्त मोजायला हवे. चादरीवर, जमिनीवर, कापडात मुरलेले रक्त नजरेने मोजता येत नाही. अनुभवी माणसाचा अंदाजही कमीच निघतो. बेळगावच्या गटाने प्लॅस्टिकची, खाली निमुळती होत गेलेली आणि मिलिलिटरच्या खुणा असलेली पिशवी तयार केली. बाळ जन्मले की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. रक्त ओघळत खालच्या खोलगट भागात जमते आणि आकडा समोर दिसतो. तिची नजरेच्या अंदाजाशी तुलना केली, तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. सातशे मिलिलिटर गेलेले असताना नोंद पाचशेच्या आत राहू शकते आणि तेवढा वेळ कोणी हलत नाही.

दरम्यान बाळंतपणाची जागाच बदलली. २००५-०६ मध्ये भारतातील सुमारे ३९ टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या; २०१९-२१ पर्यंत ते प्रमाण ८९ टक्क्यांवर गेले. जननी सुरक्षा योजना, आशा कार्यकर्त्या, १०८ची गाडी यांचा त्यात वाटा आहे. घरच्या बाळंतपणासाठीचे उत्तर गोळीत होते. आता प्रश्न असा झाला, की दवाखान्यात पोचूनही बाई का दगावते? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी पिशवीत सापडले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेली ‘ई-मोटिव्ह’ चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन लाखांहून जास्त प्रसूती होत्या. खुणांच्या पिशवीने रक्त मोजायचे आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाची मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक न थांबता एकत्रच करायचे, अशी पद्धत होती. पूर्वी एक उपाय करून पाहायचा, मग दुसरा, असे चाले. एक लिटरहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. यात नवे औषध एकही नव्हते. अतिरक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचे प्रमाण मात्र सुमारे ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये उंबरठाही खाली आणला : नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर ५०० मिलिलिटरची वाट न पाहता ३०० वरच उपचार सुरू करायचे.

ट्रानेक्झामिक ॲसिड हे जपानी संशोधक उताको आणि शोसुके ओकामोतो यांचे १९६० च्या दशकातले काम. ते गर्भाशय आवळत नाही. झालेली गुठळी विरघळू देत नाही. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवरच्या चाचणीत ते तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटले, हे २०१७ मध्ये कळले. तीन तासांनंतर लाभ उरत नाही. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हा ऑक्सिटोसिनचा भाऊबंद ३० अंशांतही तीन वर्षे राहतो आणि २०१८ च्या मोठ्या चाचणीत तो प्रतिबंधाच्या बाबतीत ऑक्सिटोसिनच्या तोडीचा ठरला. ढाक्याच्या डॉ. सयेबा अख्तर यांनी कॅथेटरला कंडोम बांधून तो गर्भाशयात सलाईनने फुगवण्याची युक्ती २००३ मध्ये मांडली. आतून दाब पडून रक्त थांबते. मात्र पुढे शस्त्रक्रिया आणि रक्त हाताशी असेल तिथेच या उपायावर विसंबावे, असे आता मानतात.

हे ‘पुढचे’ ठिकाण दुर्गम भागात फार लांब असते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. पावसाळ्यात गडचिरोलीच्या भामरागडचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरात तुटतो. राज्यात आदिवासी भागासाठी ‘माहेरघर’ योजना निघाली ती यामुळेच : तारखेच्या काही दिवस आधीच बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे. महाराष्ट्राचा मातामृत्यूदर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. राज्याची सरासरी अशा तालुक्यांबद्दल फारसे सांगत नाही.

औषधांनी रक्त थांबले, तरी गेलेले रक्त सलाईनने भरून येत नाही. त्यासाठी रक्तच लागते. ग्रामीण रुग्णालयात पूर्ण रक्तपेढी परवडत नाही, पण मोठ्या पेढीशी जोडलेले छोटे रक्तसाठवण केंद्र चालू शकते. त्याला रक्तासाठीचा खास फ्रिज, अखंड वीज, रक्तगट जुळवणारा तंत्रज्ञ आणि मुदत संपण्याआधी बदलल्या जाणाऱ्या रक्ताच्या पिशव्या एवढे लागते, आणि तंत्रज्ञ रात्री दोन वाजताही हजर लागतो.