बाबागाडी घेताय? आधी बाळाची मान बघा, मग आपला रस्ता

बाबागाडी आपल्याकडे बहुधा चुकीच्या वेळी घरात येते. बारशाला मामाने नाहीतर आत्याने हौसेने आणलेली असते. खोकं फोटोपुरतं पाळण्याशेजारी उभं राहतं आणि मग थेट माळ्यावर जातं. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात सासरी पाठवणी. तोवर गाडी उघडून बघायला सवड कोणाला? ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची आठ-दहा दिवसांची मुदत केव्हाच उलटलेली असते. माहेर पाथर्डीचं, सासर सावेडीचं, खरेदी नगरच्या कापड बाजारात, आणि ही गाडी चालवायची कुठल्या रस्त्यावर हे घेताना कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून सगळ्यात आधी ‘बाळ आलं की बाबागाडी हवीच’ हा समज बाजूला ठेवू. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांत तिच्यावाचून काही अडत नाही. अपवाद आहेत. सिझेरियन झालेल्या बाईला बाळ घेऊन लांब चालणं जड जातं. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी फेरी मारायची सोय असेल तर गाडीचा उपयोग पहिल्या महिन्यापासून होतो. जुळं असेल तर प्रश्नच नाही. पण ‘सगळे घेतात म्हणून’ एवढंच कारण असेल तर चार महिने थांबावं. त्या चार महिन्यांत बाळाची मान धरते आणि गाडीची निवड निम्मी सोपी होते.

मान हाच सगळा मुद्दा आहे. ‘खोक्यावर शून्य ते तीन वर्षं लिहिलंय, म्हणजे तान्ह्या बाळाला चालते’, या समजुतीवर सगळ्यात जास्त गाड्या खपतात. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि ते पेलणारे मानेचे स्नायू अजून कच्चे असतात. मान साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सावरते, आधाराशिवाय बसणं सहाव्या महिन्याच्या आसपास येतं. त्याआधी बाळाला अर्धवट बसतं ठेवलं की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची कोवळी नळी दुमडते. अशा वेळी बाळ रडत नाही, ओरडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ते शांत झोपलेलं दिसतं. धोका नेमका इथे आहे.

म्हणून जन्मापासून वापरायच्या गाडीत बाळ आडवं निजलं पाहिजे. बाबागाड्यांसाठीचं युरोपीय मानक, ईएन १८८८, म्हणतं की जन्मापासूनच्या गाडीची पाठ आणि बैठक यांच्यातला कोन किमान १५० अंशांचा हवा. दुकानात कोनमापक कोण नेणार? घड्याळात पाच वाजले की दोन काट्यांमध्ये होतो तो कोन नेमका १५० अंशांचा. पाठ पूर्ण खाली पाडायची, बाजूने बघायचं, तेवढी उघडत नसेल तर ती गाडी पुढच्या हिवाळ्यासाठी. एवढ्यावर मात्र थांबू नये. स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांची पाठ दोरी सैल सोडून खाली येते. कोन दिसायला बरोबर असतो, पण मध्ये कापडाला झोळ पडतो आणि बाळ त्यात गोळा होऊन बसतं. तळहात दाबून बघावा: खाली टणक लागलं पाहिजे. पायाकडची बाजू वर उचलून बंद होते का तेही बघावं, नाहीतर आडवं बाळ हळूहळू खाली सरकत राहतं.

मग घरात कोणीतरी म्हणतंच, ‘डोक्याखाली राईची उशी ठेवू, म्हणजे मान राहील नीट.’ आजीचा हेतू चांगला, पण उशीने डोकं वर आणि हनुवटी खाली, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. शिवाय मऊ उशी, जाड गोधडी, दुकानदाराने फुकट दिलेली गुबगुबीत गादी, यांतलं काहीही तान्ह्या बाळाच्या नाकातोंडावर येऊ शकतं. गाडीसोबत आलेली गादी तेवढी वापरावी. आणि फेरीत झोप लागली म्हणून घरी आल्यावर बाळाला तासन्‌तास गाडीतच ठेवू नये, सपाट अंथरुणावर उताणं निजवावं. अमेरिकेने २०२२ साली कायदाच केला आणि दहा अंशांहून जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं विकायला बंदी घातली. बाबागाडी हे झोपायचं साधन नाही म्हणून ती त्या कायद्यात येत नाही, एवढंच.

‘बाळ अजून कुशीवरसुद्धा वळत नाही, पट्टा कशाला?’ बाळ वळत नसलं तरी चाक खड्ड्यात जातं. खांद्यांवर दोन, कमरेला दोन आणि पायांमधून एक असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा हवा. नुसता कमरेचा असेल तर ती गाडी घेऊ नये.

आता घडीच्या गाड्या. ओवेन मॅक्लॅरन या इंग्रज इंजिनिअरने दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या घडीवर काम केलं होतं. १९६५ मध्ये त्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली, वजन तीन किलोंच्या आत. आज बाजारात सगळ्यात जास्त नक्कल तिचीच दिसते. गाडी उत्तम, पण बसणाऱ्या मुलासाठी. झोळीसारख्या बैठकीत महिन्याचं बाळ ठेवायला ती नव्हे. घडीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००९ मध्ये याच मॅक्लॅरन कंपनीने अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्या परत बोलावल्या, कारण उघडमिट करताना बिजागरीत मुलांची बोटं सापडून पेरं तुटल्याचे प्रकार घडले होते. गाडी उघडताना-मिटताना थोरल्या भावंडाला लांब उभं करावं.

आता ऊन. नगरचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो आणि त्या दिवसांत हमखास दिसणारं दृश्य म्हणजे गाडीवर टाकलेली आईची ओढणी किंवा मलमलचं दुपटं. ‘कापड पातळ आहे, हवा जाते की!’ हवा पुरेशी जात नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. कोरडं मलमल टाकून झाकलेल्या गाडीच्या आतलं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. तेच मलमल ओलं करून टाकलं आणि सोबत छोटा पंखा लावला, तर आतलं तापमान जवळजवळ पाच अंशांनी उतरलं. म्हणजे चूक कापडाची नाही, कोरडेपणाची आहे.

यात नगरकरांच्या फायद्याची गोष्ट अशी की ओल्या कापडाची युक्ती चालते ती कोरड्या हवेत. आपल्या पर्जन्यछायेतल्या उन्हाळ्यात कूलर झकास चालतो आणि रत्नागिरीत नुसता घामट वारा देतो, त्याचं कारणही हेच. तरीही कापड वाळत आलं की पुन्हा भिजवायला हवं, चारही बाजूंनी खोचून बंद करायचं नाही, आणि मधूनमधून बाळाच्या मानेमागे हात लावून बघायचा. हातपाय गार लागले म्हणजे बाळ गार आहे असं नसतं. अकरा ते पाच बाहेर न पडणं हा या सगळ्यांपेक्षा चांगला उपाय आहे, पण लग्नसराईत तो कोण ऐकतो!

चाकांकडे येऊ. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी लोण्यासारखी फिरते. सावेडीतल्या आतल्या गल्ल्या, भिंगारच्या छावणीतले झाडांखालचे रस्ते इथे लहान चाकांची गाडी निभावते. पण पारनेरच्या पठारावरची खडी, शेवगाव-पाथर्डीकडची पावसाळ्यातली काळी माती, शहरातही अर्धवट बुजवलेले चर, इथे पाच इंची प्लास्टिकची जोडचाकं पहिल्याच दगडाला अडतात. आई चालत असते, गाडी थांबते आणि पुढच्या पुढे कलते. अशा रस्त्यावर मोठी चाकं हवीत, आणि पुढची गरगर फिरणारी चाकं खटका दाबून सरळ अडकवून ठेवता आली पाहिजेत.

म्हणून काही जण हवेच्या टायरची गाडी घेतात: ‘सायकलसारखी दणकट.’ धक्के ती खरंच कमी देते. पण आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे. एक काटा पुरतो, आणि बाळाच्या गाडीची बारा इंची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सापडेलच असं नाही. फोम भरलेल्या भरीव टायरची मोठी चाकं हा मला नगर जिल्ह्यासाठी सगळ्यात शहाणा पर्याय वाटतो. गाडी किलोभर जड होते, होऊ द्यावी.

याच्या उलट टोकाचीही एक भीती आहे, ‘खड्ड्यांतून नेलं तर बाळाचा मेंदू हलतो.’ मेंदूला इजा होते ती बाळाला रागाच्या भरात जोरजोरात हलवल्याने; सावकाश ढकललेल्या बाबागाडीच्या हादऱ्यांनी नव्हे. गाडी घेऊन पळायला मात्र जाऊ नये. निदान सहा महिने तरी नाहीच.

‘बाळाला पुढचं जग दिसलं पाहिजे’ असं म्हणून तोंड रस्त्याकडे असलेली गाडी घेतली जाते. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं नीट दिसत नाही. जग राहू दे, त्याला समोरची म्हैससुद्धा धूसर दिसते. ढकलणाऱ्याकडे तोंड असलं की आईला त्याची हनुवटी, रंग, श्वास दिसतो आणि आई त्याच्याशी बोलते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी २००८ मध्ये अडीच हजारांहून जास्त जोड्यांची रस्त्यावर पाहणी केली. समोरासमोरच्या गाडीत आईवडील मुलांशी दुपटीने जास्त बोलत होते. दांडा उलटा फिरवता येणारी गाडी थोडी महाग पडते, पण पैसे तिथे घालावेत.

धुराचंही बघावं लागतं. सरे विद्यापीठाच्या प्रशांत कुमार यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडलं की गाडीतल्या बाळाच्या श्वासात मोठ्या माणसापेक्षा साठ टक्क्यांपर्यंत जास्त दूषित हवा जाऊ शकते, कारण बाळ वाहनांच्या नळकांड्याच्या उंचीला असतं. गाळपाच्या दिवसांत मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे बाबागाडी घेऊन उभं राहू नये. दोन मिनिटं मागे थांबावं, नाहीतर आतली गल्ली धरावी.

‘प्रॅमची सीट मोटारीत ठेवली की झालं’, हा समज जीवावर बेतणारा आहे. अपघाताच्या धक्क्याला टिकणारी कार सीट वेगळी असते आणि ती मोटारीच्या पट्ट्याने किंवा खास खिट्टीने बसवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा साधन न लावल्यास हजार रुपये दंड आहे.

एसटीचा विचार तर बाबागाडी विकणारे करतच नाहीत. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला निघाली, आणि आजही जिल्ह्यातल्या कितीतरी लेकी बाळ घेऊन माहेरी जातात त्या लाल परीनेच. एका कडेवर बाळ, पाठीला पिशवी आणि दाराच्या पायऱ्या उंच. गाडी एका हाताने मिटत नसेल, किंवा तिचं वजन दहा किलो असेल, तर ती घरीच राहणार. अशा घरासाठी बाबागाडीपेक्षा छातीशी बांधायची झोळी बरी: बाळाचं तोंड उघडं, हनुवटी छातीपासून सुटी, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर. दुचाकीवर मात्र ती वापरू नये. ‘सारखं घेतलं की कडेवरची सवय लागते’ हे आजी म्हणणारच. मॉन्ट्रियलच्या हुन्झिकर आणि बार यांनी १९८६ मध्ये दाखवलं की जी बाळं रोज जास्त वेळ उचलून घेतली जातात, ती सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडतात. आजीला ते सांगून बघावं. पटेलच असं नाही.

वापरलेली गाडी घेण्यात काही कमीपणा नाही. पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं शिवणारे आपण, गाडीपुरतं नवंच का हवं? ब्रेक, पट्ट्याचं बक्कल आणि घडीची खिट्टी एवढं नीट तपासलं की पुरे. वापरलेली कार सीट मात्र तिचा इतिहास माहीत असल्याशिवाय नकोच.

दुकानदार बाबागाडीबरोबर सवलतीत वॉकर देऊ करेल: ‘बाळ लवकर चालायला लागतं.’ लागत नाही. उलट थोडं उशिरा लागतं. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. उभं राहून मागून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा आणि आत बसवून पळवायचा वॉकर यांची गल्लत नको.

गाडी घ्यायला जाताना पिशवीत चार-पाच किलो ज्वारी न्यावी. ती बैठकीवर ठेवून, पट्टा लावून गाडी दुकानाबाहेर खडीवर दोन वेळा फिरवावी, उतारावर ब्रेक लावून सोडून बघावी. मग दांड्याला भाजीची भरलेली पिशवी अडकवावी आणि ज्वारी काढून घ्यावी. गाडी तिथल्या तिथे मागे उलटली, तर चितळे रोडच्या बाजारात पिशवी कुठे अडकवायची नाही हे कळलं. बारशाची भेट म्हणून घेत असाल तर परत करायची मुदत आधीच उलटू नये यासाठी बिलावर बारशानंतरची तारीख घालून मागावी. पुष्कळ दुकानदार देतात.