छायाचित्राचे दाम कोणाच्या पदरात?

रविवारी सकाळी वसईच्या किल्ल्यात गेले असता हाती कॅमेरा अथवा मोबाईल घेतलेली तरुण मंडळी हमखास दृष्टीस पडतात. पडक्या चर्चच्या कमानी, पाचूबंदरची वाळत घातलेली मासळी, केळीच्या बागा यांची चित्रे परदेशी चित्रभांडारांकडे पाठवून चार पैसे मिळवावेत, असा मनोरथ कित्येकांचा असतो. मनोरथ वाईट नव्हे. परंतु त्या पैशाची वाट कशी असते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी आधी जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

गेटी इमेजेस (१९९५) व शटरस्टॉक (२००३) ही अशी दोन मोठी भांडारे होत. तेथे चित्र विकले जात नाही. ते वापरण्याचा परवाना विकला जातो. मोगऱ्याचा गजरा दादरच्या बाजारात एकदा विकला की विकला. छायाचित्र मात्र शंभर जणांस देता येते आणि तरीही आपलेच राहते. म्हणूनच करारातील एकेक शब्दास मोल आहे.

आता भागीदारीचा प्रकार पाहू. भांडार आपली चित्रे दुसऱ्या कंपनीमार्फतही विकते. समजा, छायाचित्रकाराचा वाटा शेकडा २० आहे. गिऱ्हाइकाने भांडारास थेट १०० रुपये दिले, तर त्यास २० रुपये मिळतील. परंतु भागीदाराने ४० रुपये आधीच ठेवून घेतले, तर उरलेल्या ६० रुपयांवर त्याच्या हाती १२ रुपयेच पडतील. भागीदाराने नवे गिऱ्हाईक आणले असेल, तर हे १२ रुपयेही लाभच. पण जुनेच गिऱ्हाईक थेट दुकान सोडून तिकडे वळले, तर ८ रुपयांचा तोटा ठरलेला.

याहून कठीण प्रसंग जानेवारी २०१३ मध्ये उघडकीस आला. गेटीने गूगलशी करार करून हजारो चित्रे गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांस फुकट, व्यापारी उपयोगासाठीही, खुली केली. पुष्कळ छायाचित्रकारांस चित्रामागे एकदाच जेमतेम बारा डॉलर अथवा त्याहून कमी मिळाले. निषेधार्थ अनेकांनी २ फेब्रुवारी २०१३ रोजी गेटीच्याच आयस्टॉक भांडारातून आपली चित्रे काढून घेतली. पुढे २०२० साली शटरस्टॉकने शेकडा १५ ते ४० अशा पायऱ्या ठरविल्या. मात्र दर १ जानेवारीस प्रत्येकास पुन्हा तळाच्या पायरीवरून चढावे लागते. आता यंत्रांस चित्रे काढावयास शिकविण्यासाठीही भांडारे आपला संग्रह देतात. शटरस्टॉकने २०२२ साली ओपनएआयशी अशी भागीदारी जाहीर करून छायाचित्रकारांसाठी निधी काढला.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची धरली जाते. तथापि भांडारांच्या करारांत अटी आधीच लिहिलेल्या असतात व आपण न वाचताच त्यांस मान्यता देतो. तेथे कायदा तरी काय करणार?

आपल्याकडील बागायतदार अडत्याची पट्टी हाती आली की दर, अडत व हमाली ही तिन्ही तपासल्यावाचून ती खिशात घालीत नाही. हीच सावधगिरी येथेही हवी. वाटा एकूण रकमेवर की उरलेल्या रकमेवर, भागीदारीस नकार देता येतो की नाही, आणि चित्र परत केव्हा घेता येते, हे तीन प्रश्न विचारून मगच संमती द्यावी. विद्यार्थी अल्पवयीन असल्यास तो करार पालकांनी स्वतः वाचावा. चित्र टिपावयास क्षण पुरतो, पण दिलेला हक्क परत मिळविण्यास कधी कधी वर्षेही पुरत नाहीत.